ळ साठी आठ आकडे

जुन्या बाजारात सातशेला मिळालं हे यंत्र.
तांबोळी म्हणाला, चालतं का ते मला विचारू नका,
जड आहे एवढं सांगतो.
एफचं बटण नव्हतं. तिथे आता
माझ्या जुन्या स्वेटरचं तपकिरी बटण आहे,
दिगंबर ओतारीने चिकटवून दिलेलं.
त्याच्या घरात तीन पिढ्या पितळ ओतत आल्या,
हा रात्री कपॅसिटर बदलतो.

चालू केलं की ते आधी आपलं नाव सांगायचं,
मग ‘तयार’,
मग एक चौकोन लुकलुकायचा.
सहा महिने त्या ‘तयार’वर मी खूश होते.
पण त्याची अक्षरं रॉममध्ये भाजलेली,
माठावरच्या रेघांसारखी, नखाने निघत नाहीत.
आणि मला एक ळ हवा होता.

ओतारी म्हणाला, मग दुसरी प्रणाली टाकून बघा, कालिंदीताई.
कुणा हौशी माणसाने लिहिलीय, अठरा के फक्त,
अक्षरं रॅममध्ये ठेवते, हवी तशी मोडा.
एकच आहे,
ती फारसं बोलत नाही.

फोनच्या कानातली वायर यंत्राच्या कानात घातली.
किर्रर्र, मग शिट्टी,
मग पत्र्यावर तांदूळ सांडत राहावेत तसं,
चार मिनिटं चाळीस सेकंद.
तिसऱ्या मिनिटाला गॅस एजन्सीचा फोन आला
आणि त्याची रिंगसुद्धा यंत्राने
प्रणाली म्हणून ऐकून घेतली.
पुन्हा पहिल्यापासून.

आली.
काळा पडदा, कोपऱ्यात एक टिंब.
नाव नाही, तयार नाही.
मी लिहिलं, यादी.
ती म्हणाली, ?
मी लिहिलं, मदत.
?

नारायण पेठेतून वडगावला राहायला आलो तेव्हा
महिनाभर माझा हात अंधारात
दाराच्या डावीकडची भिंत चाचपायचा.
बटण उजवीकडे होतं.
मला ठाऊक होतं ते. हाताला नव्हतं.

मग चौकटीची वही काढली, आठ घरं आडवी, आठ उभी.
वर शिरोरेघ, तिला एक दांडी,
दांडीला दोन्हीकडे एकेक गोल,
खाली दोन ओळी मोकळ्या.
दोनशे पंचावन्न, सोळा, एकशे आठ,
एकशे शेहेचाळीस, पुन्हा एकशे शेहेचाळीस,
एकशे आठ, शून्य, शून्य.
एकशे आठ दोनदा आला म्हणून जरा बरं वाटलं,
खरं तर ती नुसती बेरीज आहे,
चौसष्ट, बत्तीस, आठ आणि चार.

गुरुवारी वीज गेली, गुरुवारी जाते तशी.
जतन करायचा हुकूम इथे वेगळा आहे,
मी तोच शोधत होते.
एकशे त्रेचाळीस बाइट.
भोसरीला बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं,
एक वॉशर कमी भरला तरी ऑडिटला सापडायचा.
हे कुठल्या रॅकवर शोधणार?
दिवे येईपर्यंत पावटे सोलत बसले.

शनिवारी ळ उमटला. उलटा.
वर चष्मा, खाली रेघ, जसा कुणी
शीर्षासनात वाचत बसलाय.
मोजणी तळापासून चालली होती, एवढंच.
एक उणे चिन्ह हवं होतं, आणि ते शोधायला दीड दिवस.

रविवारी रात्री साडेअकराला तो सरळ उभा राहिला.
किती लहान! तांदळाच्या कणीएवढा, हिरवा,
दोन्ही गोल अगदी सारखे.
बसवायला जागा नव्हती म्हणून
मी त्याला एलच्या घरात ठेवलं.
आता लोड लिहिलं की पडद्यावर ळोड येतं,
प्रणालीला त्याचं काही नाही, ती आकडा वाचते.

मग सहज, कुणी नव्हतं तरी, हॅलो लिहिलं.
हेळ्ळो.
सोलापूरच्या आत्याने फोन उचलावा
अगदी तसं, हेळ्ळो.

खालच्या ओळीत तिने विचारलं,
?